नऊ बोटींची नाखवीण

चिंबोरीच्या बिळात हात घालण्याआधी चांगीबाय बिळाच्या तोंडाशी तळवा टेकवायची आणि थोडा वेळ तशीच थांबायची. मग मान वर करून, शेजारणीची चौकशी केल्यासारख्या आवाजात म्हणायची, “घरी हाय.” किंवा मग, “घरी नाय, भाईर गेलीय.” घरी असली की हात खांद्यापर्यंत आत जायचा, गाल चिखलाला टेकायचा, डोळे मिटायचे, आणि हात बाहेर यायचा तो मागून नेमकी दाबून धरलेली चिंबोरी घेऊनच. पोटाखाली अंडी दिसली तर ती परत बिळाच्या तोंडाशी ठेवली जायची. “पोटुशी हाय गो ही. जा बाय, घरी जा.” बाकीच्या बायका खेकडा ओढायला लोखंडी आकडा वापरायच्या. हिने आकडा कधी हातात धरला नाही. “आकड्याला काय कलतं, आत कोन बसलंय ते?” असं तिचं म्हणणं.

मी रोह्याचा. तलाठी म्हणून उभी हयात गेली. सातबाऱ्यावर जे नाही ते जगात नाही, अशी माझी समजूत होती, आणि ती मी घरातही चालवत असे. “तुम्हाला देव भेटला तरी आधी ओळखपत्र मागाल,” असं माझी बायको आल्यागेल्याला सांगते. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता कुंडलिकेच्या काठाने सकाळ-संध्याकाळ फिरावं आणि पेपर वाचावा. दोन महिन्यांत पेपर शेजाऱ्याच्या आधी वाचायला मिळावा म्हणून भांडायला लागलो. तेवढ्यात कंत्राटी सर्वेक्षकांची जागा निघाली आणि बायकोनेच माझा अर्ज भरला.

काम असं होतं. समुद्रातल्या मासेमारीचा कायदा जुना झाला होता, तो बदलायचा होता. त्याच्या जोडीला खाडीपासून खोल पाण्यापर्यंत कुठे मासेमारी चालेल, कुठून मालाचे पडाव, म्हणजे बार्ज, जातील, कुठे धक्का होईल, असा सगळ्या पाण्याचा आराखडा करायचा होता. जमिनीला सातबारा असतो, तसं आता पाण्याचंही होणार म्हणून मी खूश झालो. त्यासाठी आधी मच्छीमार मोजायचे होते. पेण तालुक्यातली खाडीकाठची गावं माझ्याकडे आली. मोबाइलवर फॉर्म होता. नाव, गाव, वय, आणि चौथा प्रश्न, ‘बोट आहे का?’ ‘हो’ म्हटलं तर पुढे संख्या, नोंदणी क्रमांक. ‘नाही’ म्हटलं की फॉर्म तिथेच बंद व्हायचा आणि पडद्यावर ‘आभारी आहोत’ अशी अक्षरं उमटायची. किती सुटसुटीत, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी मी चांगीबायच्या गावात गेलो. ओहोटी होती. गावापुढच्या बांधावर उभं राहिलं की समोर नजर पुरेल तिथवर चिखल पसरलेला, मधून दोन ओहोळ गेलेले, आणि त्यात वीस-बावीस बायका कमरेला टोपल्या बांधून वाकलेल्या. नवे कोरे बूट घालून चिखलात उतरण्याचा माझा विचार नव्हता. बांधावरूनच एकेकीला हाक मारून मी माहिती विचारत होतो. वारा सुटला होता. शेवटी एक उंच, काळीसावळी, पांढऱ्या केसांची बाई राहिली, सगळ्यांत जवळ, पण तरी बरीच लांब.

“बाय, बोट हाय का?” मी ओरडलो.

“काय?”

“बोट! बोट हाय का, बोट?”

ती सरळ उभी राहिली. चिखलाने माखलेले दोन्ही हात तिने वर केले. “हायत की! नऊ हायत!”

“स्वतःची?”

“मंग काय शेजारनीची? जल्मापासून माझीच!”

सगळ्या बायका खो खो हसल्या. मला त्या हसण्याचा अर्थ कळला नाही. ‘माझीच’ म्हणाली, ‘माझ्याच’ म्हणाली नाही, हे व्याकरणही वाऱ्यावर उडून गेलं. उलट मला वाटलं, चांगलीच सापडली. नवऱ्याच्या, दिरांच्या बोटी सवलतीसाठी हिच्या नावावर केल्या असणार. नोकरीत असले पुष्कळ प्रकार पाहिले होते. आपण फार हुशार आहोत असं ज्याला वाटतं, त्याच्याच हातून अशा गोष्टी होतात. मी ‘हो’वर बोट ठेवलं, संख्येच्या चौकटीत नऊ लिहिलं, नोंदणी क्रमांकापुढे ‘दाखवला नाही’ असं लिहिलं आणि एक मोठं प्रकरण उघडकीला आणल्याच्या आनंदात रोह्याला परत आलो.

पावसाळा सरल्यावर चांगीबायच्या घरी कचेरीचं पत्र गेलं. तिच्या नावावर नऊ विनानोंदणी बोटी आढळल्या आहेत, खुलासा करावा, अन्यथा कारवाई होईल. गावात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. तिथले हमीदभाई म्हणजे खरे बोटवाले, दोन बोटी बाळगून असलेले, मुलगा आखातात. ते तिच्या दारात जाऊन म्हणाले, “नाखवीणबाय, एखादी बोट भाड्यानं देतेस काय गो आमाला?” तेव्हापासून अख्खं गाव तिला नाखवीण म्हणायला लागलं. तिलाही ते आवडलं असावं, कारण हाक मारली की ती लगेच ओ द्यायची.

पत्र घेऊन ती एकटी रोह्याला आली. मेमू गाडीतून उतरून, चारचौघांना विचारत माझ्या घरापर्यंत पोहोचली. एका पिशवीत पत्र, दुसरीत नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या. ओसरीवर पाय दुमडून बसली आणि पत्र माझ्यापुढे सरकवलं. “तुमीच लिवलंव ना, भाऊसाहेब? आता तुमीच वाचा.”

मी वाचलं. आणि तिने बांधावर केले होते तसे दोन्ही हात माझ्यासमोर वर केले. या वेळी हात धुतलेले होते आणि ती अगदी समोर बसली होती. मी मोजली. उजव्या हाताची पाच, डाव्याची चार. करंगळीशेजारचं बोट मुळापासून नव्हतं.

“शिंगाल्या मासलीचा काटा लागला नी बोट कुजलं. पेनच्या डाक्टरनं काप्लं. नायतर तुमी दहा लिवलं असतंव.”

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मला वर बघवेना. चांगीबाय मात्र रागावली नव्हती. डोळ्यांत पाणी येईतो हसली आणि म्हणाली, “मी तं गंमत केली. तुमी खरं मानलंव. साहेब लोकांना गंमत सांगू नये, हे मना कोनी शिकवलंच नाय.”

मी म्हणालो, आत्ता दुरुस्त करतो. मोबाइल काढला, तिचं नाव शोधलं, ‘हो’चं ‘नाही’ केलं. पडद्यावर ‘आभारी आहोत’ आलं. मी तिला दाखवलं. “झालं. आता तुम्हाला काही त्रास नाही.”

“म्हंजे?”

“म्हणजे तुम्ही मच्छीमार नाही. प्रश्न मिटला.”

ती हसायची थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, “लगीन करून आली ती चिखलात गेली. चार पोरं झाली, चार बारीला चिखलातच होती. घरात दुसरा धंदा नाय केला. नी मी मच्छीमार नाय?”

“तसं नव्हे. कायद्याने मच्छीमार म्हणजे बोटीवाला.”

“मंग नऊ लिवलं तं खोटं. आनी नाय लिवलं तं तेबी खोटंच. खरं कुठं लिवायचं, भाऊसाहेब?”

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याला चौकट नव्हती. मी दुरुस्ती न साठवता मोबाइल बंद केला आणि बायकोला चहा टाकायला सांगितला.

ती गेल्यावर मी आराखड्याचा कच्चा नकाशा काढून बसलो. तिच्या गावापुढचा चिखल शोधला. फिकट पिवळा रंग दिला होता आणि त्यावर लिहिलं होतं, ‘मासेमारी नाही’. बरोबरच होतं. चिखलात बोट चालत नाही, आणि बोट नाही तिथे मच्छीमार नाही. बायकांचे सगळे फॉर्म मीच चौथ्या प्रश्नावर बंद केले होते. रिकामी जागा म्हणून तिथे मालाच्या पडावांसाठी धक्का, भराव आणि रस्ता सुचवला होता, बांधापासून पार दुसऱ्या ओहोळाच्या पलीकडे. वीस-बावीस घरांच्या चुली त्या पिवळ्या रंगाखाली गेल्या होत्या. तो रंग मी भरला होता. त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि चिंबोऱ्या माझ्या आवडीच्या असूनही गेलं नाही.

चार दिवसांनी मी बूट घरी ठेवून तिच्या गावाला गेलो. “मला चिखल दाखवा,” म्हणालो.

तिने दाखवला. मी तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतलो. एक चप्पल तिथे गेली ती अजून तिथेच आहे. “पाय टाकू नका, ठेवा,” ती म्हणाली. “चिखलाला घाई नाय चालत. घाई केली का तो धरून ठेवतो.” तिची सून संगीता पुढे चालत होती आणि माझ्याकडे वळून वळून हसत होती. संगीता पूर्वी डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे साफसफाईला जात असे. शिफ्ट संपवून घरी यायची तेव्हा लेकरू झोपलेलं असायचं. ते सोडून ती सासूबरोबर चिखलात यायला लागली होती आणि दोन वर्षांत गावातल्या चांगल्या हातांत तिचं नाव घेतलं जात होतं. “माझ्यापेक्षा बरा हात हाय तिचा,” चांगीबाय म्हणायची. सुनेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने कधीच नाही.

त्या दिवशी मला जे कळलं ते कुठल्या दप्तरात नव्हतं. त्या चिखलाचे भाग होते आणि प्रत्येक भागाला रीत होती. बांधाला लागून असलेला तुकडा म्हणजे बाळंतिणीचा कोपरा. तिथे चिखल उथळ, बांध जवळ. पोटुशी बाई, ओली बाळंतीण, आजारी आणि म्हातारी यांनी तिथे वेचायचं. धडधाकट बाईने तिथे टोपली भरायची नाही. तिने पहिला ओहोळ ओलांडून जायचं, आणि तरण्या हातांनी दुसऱ्याच्याही पलीकडे. मोठ्या चिंबोऱ्या तिकडे, पण परतताना भरतीच्या आधी लांब चालत यायचं.

“आनी कोपऱ्यात कधी यायचं, ते कोण सांगतं?” मी विचारलं. बोलता बोलता माझ्याही तोंडी ‘आनी’ आलं होतं.

“कोन सांगनार? ज्या दिवशी पायाला कलतं त्या दिवशी ती मुकाट्यानं थांबते. बाकीच्या बघतात नी पुढं जातात. कोन काय बोलत नाय.”

मग माझ्या लक्षात आलं, पहिल्या दिवशी ती मला सगळ्यांत जवळ का दिसली होती ते. तिचे गुडघे गेले होते. गेल्या वर्षीपर्यंत सगळ्यांच्या पुढे जाणारी चांगीबाय आता बाळंतिणीच्या कोपऱ्यात बसून हात घालत होती. बिळातली चिंबोरी तिला अजूनही कळायची. तिथवर चालणं तेवढं जमत नव्हतं.

हरकतींची मुदत अजून होती. मी तिची हरकत लिहायला घेतली. ‘सदरहू अर्जदार या वर नमूद ठिकाणी पिढ्यानपिढ्या वहिवाटीने…’ अशी दीड पानं झाली. मला ती फार झकास वाटली. ओसरीवर बसून मी ती तिला ठासून वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतली.

“बरी हाय,” ती म्हणाली. “पन हिच्यात मी कुठं हाय?”

“ही काय, सदरहू अर्जदार.”

“ती कोन सटवी? मी चांगी.”

ती दीड पानं फाडली. ती सांगेल तसं लिहीत गेलो. तळवा कसा ठेवायचा, अंडीवाली का सोडायची, कोपरा कुणाचा. फार तर चार ठिकाणी मी व्याकरण नीट केलं असेल, आणि त्यातल्या दोन ठिकाणी तिने ते परत बिघडवून घेतलं. खाली एकवीस बायकांचे अंगठे आणि एक सही, संगीताची.

सुनावणी पेणला झाली. एका सभागृहात. बाहेरच्या रस्त्यावर रंग न दिलेले गणपती ओळीने उन्हात ठेवले होते, आमच्या बायका त्यांच्यामधून वाट काढत आत आल्या. सुनावणी घ्यायला मुंबईहून आलेल्या मॅडम तिशी-पस्तिशीच्या, चष्मा, आवाज मऊ. त्यांच्यामागे भिंतीभर नकाशा. दुपारी आमचा नंबर आला. मॅडमनी कागद बघितला, चष्मा वर केला आणि विचारलं, “नऊ बोटींच्या मालक कोण आहेत?”

सभागृहात हशा पिकला. मी उभा राहिलो. माझी चूक आहे, असं बोलायला तोंड उघडणार तोच चांगीबाय माझ्या पुढून निघून टेबलाजवळ पोहोचली आणि तिने दोन्ही हात मॅडमपुढे ठेवले.

“ही घ्या मोजून. भाऊसाहेबांनी लिवलंय ते बरोबर हाय. तुमच्या कागदावरच्या बोटी पान्यात चालतात. माझी चिखलात चालतात. येवढाच फरक.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची मागवली, तिला बसवलं आणि विचारत गेल्या. कसं धरता, कधी जाता, तुमच्यात काही नियम आहेत का.

“नेम कसला, मॅडम. जवलचं म्हातारीला, लांबचं तरनीला. अंडीवालीला हात लावायचा नाय. एका बिलावर एकच हात. भरती लागली का मागं बघायचं, कोन ऱ्हायली काय. आमाला बाय येवढंच येतं.”

मॅडम स्वतःच्या हाताने लिहून घेत होत्या. लिहिल्यासारखं करणं आणि लिहिणं यातला फरक मला लांबून ओळखता येतो, मी दोन्ही केलेलं आहे. त्या खरोखर लिहीत होत्या. हमीदभाईंनीही उठून सांगितलं की आपण डोळे उघडले तेव्हापासून या बायका चिखलात बघतो आहोत, आणि आपल्या बोटी बांधतात ती जागा वेगळी आहे. शेवटी मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“आजी, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “मच्छीमार शब्दाचा अर्थ बदलावा, असं मी लिहून पाठवणार आहे. पण धक्का या किनाऱ्याला होणार, तो मला थांबवता येणार नाही. सरकवता येईल. बांधाजवळच्या भागात तो बसवला, तर ओहोळापलीकडचा सगळा चिखल मासेमारीसाठी राखून ठेवता येईल. किंवा बांधाजवळचा तुमच्यासाठी ठेवून धक्का पलीकडे न्यायचा. दोन्ही राहणार नाही. तुम्हाला कोणता हवा?”

चांगीबायने मागे वळून बघितलं. तिच्या वयाच्या पाच-सहा जणी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. “काय गो?” तिने विचारलं. त्यातली एक म्हणाली, “तूच बोल.” मग तिने उभ्या असलेल्या पोरींकडे बघितलं, संगीताकडे जरा जास्त वेळ बघितलं. संगीता मान हलवून नको नको म्हणत होती.

“लांबचं ठेवा,” चांगीबाय म्हणाली.

परतताना पेणच्या एसटी स्टँडवर मी तिच्यावर चिडलो. चहाचा कप तसाच हातात धरून चिडलो. दुसऱ्याच्या जागेवर हरकत घेणारी माणसं मी जन्मभर पाहिली होती. स्वतःची जागा अशी काढून देणारं कुणी पाहिलं नव्हतं. “तुम्हाला एवढ्या लांब चालवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. जी जागा तुमची होती तीच तुम्ही देऊन आलात,” मी म्हणालो.

तिने बशीत चहा ओतला. “कोपरा गेला तं म्हातारी घरी बसंल. लांबचं गेलं तं संगी परत डोलवीला ठेकेदाराच्या पुढं जाऊन उभी ऱ्हाईल. तुमीच सांगा, काय मागू?”

“मॅडमना अजून विनवता आलं असतं.”

“त्यांनी खरं सांगितलंन. खऱ्या मानसाला जास्ती घासू नये, भाऊसाहेब.” तिने बशी रिकामी केली. “आनी म्हातारी घरी बसली तं घर काय वाकत नाय. प्या तुमचा चहा, थंड झाला.”

पुढच्या वर्षी कायद्यातली सुधारणा आली. राजपत्राची प्रत हातात पडल्यावर मी सगळ्यांत आधी मेमू पकडली. गावात शिरताना बांधाजवळ दगडांचे ढीग पडलेले दिसले, कोपऱ्याच्या जागी भरावाला सुरुवात झाली होती. त्यापलीकडे, लांब, टोपल्या बांधलेल्या बायका दिसत होत्या. चांगीबाय ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. मी उभ्याउभ्याच वाचलं, की मच्छीमार म्हणजे नौकेसह अथवा नौकेविना, हाताने किंवा पायी जाऊन मासे, खेकडे, शिंपले पकडणारी अथवा गोळा करणारी व्यक्ती.

“परत वाचा.”

मी परत वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग विचारलं, “बाय लिवलंय?”

“व्यक्ती लिहिलंय. त्यात बाई येते.”

“येते ना नक्की? मंग बरं.”

वाचून होईपर्यंत माझं लक्ष नव्हतं. आता तिच्या पायांकडे गेलं. ते धुतलेले, कोरडे, पांढुरके पडलेले होते, भेगा बुजल्या होत्या. तिला मी ओळखू लागल्यापासून तिच्या नखांत चिखल नाही असं कधी झालं नव्हतं. मी बघतोय हे तिला कळलं. तिने लुगड्याचा काठ ओढून पाय झाकून घेतले.

“बघू नका,” ती म्हणाली. “बसलेल्या बाईचे पाय हायत.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ती उलट माझीच समजूत घालत राहिली, आणि जाताना संगीताने आणलेल्या निवट्या, चिखलातली ती छोटी मासळी, पिशवीत बांधून दिल्या. मी नको म्हणालो. “लांबच्या हायत,” ती म्हणाली. “घ्या. कोपऱ्यात अशा कदी गावल्या नाय.”

माघात एके दिवशी सकाळी संगीताचा फोन आला. “आईंना बरं नाय. तुमची आठवन काढतात.” मी स्कूटर काढली. नागोठण्यावरून पेणपर्यंतचा रस्ता त्या दिवशी संपता संपेना. पोहोचलो तेव्हा चांगीबाय जाऊन अर्धा तास झाला होता. संगीता उशाशी बसली होती. बाकी घर रिकामं. मोठी ओहोटी होती, बायका सगळ्या ओहोळापलीकडे होत्या, आणि तिथे फोन नेत नाहीत. हमीदभाई भरावाच्या टोकावर उभे राहून तिचं एक लुगडं हवेत हलवत होते.

त्या आल्या त्या सरळ चिखलातून. कमरेला अर्ध्या भरलेल्या टोपल्या, मांड्यांपर्यंत चिखल, काहींच्या गालालाही. चांगीबायच्या घरात चिखलाच्या पायांनी कुणी शिरत नसे, ती स्वतःसुद्धा कधी शिरली नव्हती. दाराशी पाण्याचं पिंप आणि तांब्या कायम भरलेला असायचा. बायका पिंपाभोवती जमल्या आणि पाय धुण्यासाठी एकीने तांब्या उचलला.

संगीता दारात आली. “ऱ्हाऊ द्या गो,” ती म्हणाली. “तशाच या.”

त्या तशाच आत आल्या आणि तिच्याभोवती बसल्या. खोली लहान होती. मी उठून त्यांना जागा करून दिली.